रोजचे वाटीभर पाणी

बॉयलरमध्ये तापलेले पाणी पाइपांतून खोल्यांतल्या रेडिएटरांत फिरवणाऱ्या बंदिस्त पद्धतीच्या सेंट्रल हीटिंगमध्ये पाण्याचा दाब वारंवार उतरू लागला की इंग्लंडमधील बहुतेक घरमालकांचा पहिला संशय बॉयलरवर जातो. दुरुस्तीला येणाऱ्यालाही तो संशय सोयीचा असतो, कारण नवा बॉयलर बसवण्यात जेवढी कमाई आहे तेवढी पितळेचे एक कडे बदलण्यात नाही. लंडनच्या पश्चिमेला, स्लाऊमध्ये राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने गेल्या जानेवारीत प्लंबर म्हणून मला बोलावले, तेव्हा त्यांनी बॉयलर बदलण्याची जवळजवळ तयारी केली होती. बॉयलरच्या काट्यावरचा दाब दर आठदहा दिवसांनी अर्ध्या बारच्या (बार हे दाबाचे माप) खाली जाई, बॉयलर बंद पडे, आणि घरातील कर्ता मुलगा खालचा भरणीचा कॉक उघडून तो पुन्हा सव्वा बारवर आणून ठेवी. स्वयंपाकघराच्या छतावर उमटलेला पिवळट डाग मात्र कोणी या तक्रारीशी जोडला नव्हता. तो छपरातून झिरपणाऱ्या पावसाचा असावा, असे आधीच्या प्लंबरने सांगितले होते.

मी क्रमाने पाहत गेलो. दाब ३ बारच्या वर गेला तर सुरक्षा व्हॉल्व्हमधून पाणी भिंतीबाहेरच्या तांब्याच्या नळीने बाहेर पडते. ती नळी कोरडी होती आणि तिच्याखालच्या विटांवर ओघळही नव्हता. तापून फुगलेल्या पाण्याला जागा देणाऱ्या प्रसरण टाकीतील हवेचा दाब योग्य होता. मग राहिले रेडिएटर. त्यांपैकी वरच्या मजल्यावरील मागच्या खोलीतला एक काही महिन्यांपूर्वीच बदललेला होता आणि नेमका त्या डागाच्या वर होता. त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह मी टिश्यू पेपरने पुसून पाहिले, पण ते कोरडे ठणठणीत निघाले.

त्या खोलीत मुलाची आई राहत होती. थंडीपुरत्या त्या सांगलीहून आल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "अहो, आत्ता बघून काही मिळायचं नाही. रात्री हीटिंग बंद झालं की गळतं ते. मी वाटी लावते ना रोज."

त्यांनी व्हॉल्व्हखालच्या उभ्या पाइपाला सुती फडक्याची चिंधी गुंडाळून तिचे टोक स्टीलच्या वाटीत सोडण्याची पद्धत बसवली होती, म्हणजे पाइपावरून ओघळणारे पाणी जमिनीच्या भोकात न जाता वाटीत उतरे. सकाळी वाटी भरलेली असे. ती त्या कुंडीत ओतून टाकत. मुलाला त्यांनी सांगितले होते, पण वाटीभर पाण्याने काय होते, असे त्याला वाटले.

वाटीभर पाण्याने बरेच काही होते. घरातल्या सगळ्या पाइपांत आणि रेडिएटरांत मिळून शंभराच्या आसपास लिटर पाणी असले तरी दाब टिकून असतो तो प्रसरण टाकीत शिरलेल्या दीडदोन लिटरांच्या जोरावर. तेवढे गेले की टाकीतील हवेचा पाण्यावरचा जोर संपतो आणि काटा झपाट्याने कोसळतो. रोज दोनशे मिलिलिटर धरले तर हिशेब आठदहा दिवसांवरच येतो. काकूंची वाटी आणि बॉयलरचा काटा एकच गोष्ट सांगत होते.

मी हीटिंग बंद केले. काकूंनी चहा केला, आणि पाइप थंड होण्याची आम्ही वाट पाहिली. तासाभराने खालच्या नटाच्या कडेला पाण्याचा थेंब धरला. गरम असताना धातू फुगून फट दाबली जात होती आणि थंड होताना ती उघडत होती, हे उघड झाले.

यात अडचण अशी की त्या जागी तीन सांधे असतात. रेडिएटरच्या बाजूचे दोन सांधे गळत असतील तर दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून तेवढा रेडिएटर रिकामा करता येतो. पण पाइपाच्या बाजूचा सांधा व्हॉल्व्हच्या अलीकडे असल्यामुळे तो सोडवायचा तर यंत्रणेतले पाणी काढावेच लागते. आधीच्या प्लंबरने ते टाळले असावे. तक्रार आली की नट आणखी थोडा आवळायचा, एवढाच त्याचा उपाय होता. मी तळमजल्यावरील ड्रेन कॉकला नळी लावून पाणी बाहेर सोडले. ते शाईसारखे काळे आले. दर वेळी ताजे पाणी भरले की त्याबरोबर प्राणवायूही आत जातो, आणि तो पोलादी रेडिएटरांना आतून खातो.

नट उघडल्यावर सगळा प्रकार दिसला. नटाच्या आट्यांवर पांढऱ्या टेफ्लॉन टेपचे जाड वेढे होते. मी कोल्हापूरला आयटीआयमध्ये जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी, पाइपांवर शिकलो, तेथे आट्यांवर सूत आणि सफेदा लावत, कारण तेथे पाणी आट्यांनीच अडवायचे असते. या सांध्यात पाणी अडवते ते पाइपावर चढवलेले पितळी कडे. नटाचे काम ते कडे दाबण्यापुरतेच असते आणि त्याच्या आट्यांवरच्या टेपला पाणी अडवण्याचे कामच नसते. इथे ते कडे इतके आवळले गेले होते की तांब्याचा पाइप कमरेत दबला होता. शिवाय पाइप व्हॉल्व्हमध्ये टेकेपर्यंत गेलाच नव्हता, आणि तिरका शिरला होता.

तिरका असण्याचे कारण जमिनीखाली होते. नवा रेडिएटर जुन्यापेक्षा थोडा अरुंद होता. पाइप सरकवण्याऐवजी ते आतल्या बाजूला ओढून जबरदस्तीने नटात कोंबले होते, आणि ताणलेला पाइप रोज तापून-निवून ते कडे एका बाजूने उचलत होता. नुसते नवे कडे घातले असते तर महिनाभराने मला पुन्हा यावे लागले असते. मी जमिनीची फळी उचलली, दोन्ही पाइप खाली कापले आणि लाकडाला आच लागू नये म्हणून मागे जाळरोधक कापड धरून, एल्बोला, म्हणजे वळणाच्या जोडाला, डाख देऊन दोन्ही पाइप सरळ उभे आणले. दुसरा व्हॉल्व्ह अजून गळत नव्हता, पण तोही त्याच हातचा होता, म्हणून तोही काढला. रेडिएटरमध्ये जाणाऱ्या तुकड्याच्या आट्यांवर मात्र मी टेप लावली, कारण तेथे ती खरोखर लागते. नवे कडे, हाताने आवळलेला नट, त्यापुढे पान्याने सव्वा फेरा, आणि व्हॉल्व्ह फिरू नये म्हणून दुसऱ्या पान्याचा आधार. गंजरोधक द्रव्य घालून दाब १.२ बारवर ठेवला. फळी न ठोकताच ठेवली, म्हणजे सांधे नंतर पाहता येणार होते.

येथे गॅसच्या कामासाठी गॅस सेफ रजिस्टरवर नोंद सक्तीची आहे. ते रजिस्टर २००९ मध्ये आले. रेडिएटर आणि पाण्याचे पाइप यांना मात्र ती अट नाही, त्यामुळे पाना हाती धरणारा कोणीही प्लंबर म्हणून दारात उभा राहू शकतो. मुलाला आधीच्या प्लंबरकडून पैसे परत हवे होते. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार सेवा वाजवी काळजीने आणि कौशल्याने दिली गेली पाहिजे. नाहीतर ग्राहक ते काम पुन्हा करून मागू शकतो, आणि ते शक्य नसेल किंवा वाजवी वेळेत झाले नाही तर रक्कम कमी करून घेऊ शकतो. मी त्याला छायाचित्रांसह एक पानभर लिहून दिले: पाइप किती आत गेला होता, किती तिरका होता, कडे कोठे रुतले होते. 'निकृष्ट' हा शब्द त्याने सुचवला होता, तो मी लिहिला नाही. दबलेल्या पाइपाचा कापलेला तुकडा पाकिटात घालून सोबत दिला.