एका चौकोनापायी गेलेली दुपार

आजची अख्खी दुपार एका रिकाम्या चौकोनापायी गेली. जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत युनिकोडचे (म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेले) नंबर देऊन अक्षरं तयार करत होतो. नंबरावरून अक्षर देणाऱ्या फ्रॉम-कॅर-कोड (fromCharCode) या फंक्शनला २३५०, २३५२, २३६६, २३३६, २३६८ दिले आणि समोर 'मराठी' उभं राहिलं. (काना आणि वेलांटीलाही स्वतःचे नंबर आहेत, हे बघून उगाच बरं वाटलं.) मग हसऱ्या चेहऱ्याचा १२८५१२ दिला, तर हसू गायब, चौकोन हजर. एरर वगैरे काही नाही. आधी संशय फॉन्टवर. बिचाऱ्याला दोनदा बदललं.

भानगड अशी की हे फंक्शन नंबराचे फक्त १६ बिट (० किंवा १ असे सोळा अंक) बघतं. नंबर ६५५३५ च्या वर गेला की वरचे बिट मुकाट कापून टाकतं. १२८५१२ मधून ६५५३६ वजा, उरले ६२९७६. ती जागा युनिकोडने खासगी वापरासाठी राखलेली, तिथे ठरलेलं अक्षरच नाही. अरे, निदान खेकसायचं तरी!

२०१५ मध्ये आलेलं नवं फंक्शन, फ्रॉम-कोड-पॉइंट (fromCodePoint), वापरलं, चेहरा लगेच हसला. जुन्यालाही ५५३५७ आणि ५६८३२ अशी जोडी दिली की तोच चेहरा येतो म्हणा. फक्त त्या एकट्या चेहऱ्याची लेंग्थ, म्हणजे जावास्क्रिप्टने मोजलेली लांबी, २ येते. ते आता उद्या बघू.