आमची वाटचाल : डबा रिकामा परत आला पाहिजे

केकचा तुकडा, वेफर्स आणि सामोसा हा वाढदिवसाचा खाऊ आमच्या लहानपणीच ठरून गेलेला. पुढे सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत थीमचे वाढदिवस सुरू झाले. पडदे, टोप्या, फुगे सगळं थीमचं. खाऊ मात्र एक तर जुनाच, नाही तर साखरेच्या भडक चित्रांचा. पोरं त्याचा फोटो होईपर्यंत थांबायची आणि एक घास खाऊन पळायची. उरलेलं अन्न टाकताना माझ्या धाकट्या जावेला आणि मला फार वाईट वाटायचं. मूल घरी जे आवडीनं खातं तेच द्यायचं, फक्त त्याचं रूप बदलायचं, असं ठरवून आम्ही दोघींनी घरच्याच ओट्यावर काम सुरू केलं.

पहिली मोठी मागणी आगगाडीची आली. पुण्यात हे साहजिकच. १९३० साली १ जूनला सुरू झालेल्या डेक्कन क्वीनचा वाढदिवस इथे दरवर्षी स्टेशनवर केक कापून साजरा होतो. आमची गाडी चटणी-सँडविचची: कडा काढून एका सँडविचचे तीन लांबट डबे, काकडीच्या चकत्यांची चाकं, इंजिनाला चीजचा चौकोन. ब्रेडच्या दोन्ही बाजूंना आतून लोणी नीट पसरलं की चटणीचं पाणी ब्रेडमध्ये मुरत नाही. चाकं अगदी शेवटी लावायची आणि ताट निघेपर्यंत ओलसर मलमलच्या कापडाखाली ठेवायचं. टूथपिक आमच्या ताटात कधीच नसते. जोडायला जाड शेव पुरते.

पण आमची खरी ओळख किल्ल्यानं झाली. दिवाळीत मातीचा किल्ला करणाऱ्या मुलांना खायचा किल्ला मिळाला, तर आणखी काय हवं? ढोकळ्याच्या पिठात नाचणीचं पीठ घातलं की दगडासारखा काळपट तपकिरी रंग येतो. स्टीलच्या वाट्यांत वाफवलेले गोल ढोकळे म्हणजे बुरूज, थाळीतल्या ढोकळ्याच्या पट्ट्या म्हणजे तटबंदी. मातीच्या किल्ल्यावर अळीव आणि मोहरी पेरतात, तशी इथे बारीक कोथिंबीर आणि ओलं खोबरं भुरभुरायचं. राजगिऱ्याच्या छोट्या लाडवांचे तोफगोळे आणि महादरवाजावर गाजराचं निशाण. मुलं आधी बुरूज कुणाचा यावर भांडतात, मग सगळा किल्ला फस्त करतात. नाचणीला नाक मुरडणारी मुलंही बुरूज मागून घेतात, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

२३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं आणि पुढचे कितीतरी महिने घरोघरी चंद्रच हवा होता. इडलीसारखा चंद्र दुसरा नाही. वाफवलेल्या इडलीवर चमच्याच्या टोकानं खळगे करायचे आणि त्यात किंचित चटणी भरायची. पनीरच्या चौकोनाला गाजराचे चार पाय लावले की विक्रम लँडर तयार.

बाजारातले खायचे रंग आम्ही वापरत नाही. हिरव्यासाठी पालक उकळत्या पाण्यातून काढून लगेच गार पाण्यात टाकतो, पिवळ्याला हळद, गुलाबीला बीट. वाफवल्यावर बीट फिकं पडतं, म्हणून ते पिठात अगदी आयत्या वेळी घालायचं. जैन घरी बीट, गाजर, बटाटा चालत नाही. तिथे टोमॅटो आणि लाल ढोबळी मिरची कामाला येते. गोकर्णाच्या फुलांचं निळं सरबत मुलांसमोरच लिंबू पिळून द्यावं. निळ्याचं जांभळं होताना बघायला मोठी माणसंही पुढे सरकतात.

ऑर्डर घेताना आमचा पहिला प्रश्न थीमचा नसतो. मुलं किती वर्षांची, शेंगदाणे, दूध, गहू यांपैकी कुणाला काही बाधतं का, हे आधी विचारतो. पाच वर्षांखालची मुलं असली तर अख्खे शेंगदाणे आणि पॉपकॉर्न देत नाही, द्राक्षंही उभी चिरूनच. घशात घास अडकण्याचा धोका कुठल्याही सजावटीपेक्षा मोठा आहे.

२०२० च्या टाळेबंदीत पार्ट्या थांबल्या. तेव्हा आम्ही सुटे भाग डब्यात भरून सोसायटीतच द्यायला लागलो: पट्ट्या, चाकं, चटणी आणि जोडायचं चित्र. वाढदिवसाचं मूल आपली गाडी आपणच जोडायचं. तो डबा आजही सर्वांत जास्त जातो. एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेची, नोंदणी झाली, लेबलवर चौदा आकडी क्रमांक आला, आणि शेजारच्या दोघी-तिघी कामाला जोडल्या गेल्या.

आता उन्हाळ्याच्या सुट्टीत आई-बाबांसाठी शिकवणी घेतो आणि वर लिहिलेलं सगळं हातचं काही न राखता दाखवतो. घरी करणाऱ्यांना एवढंच सांगणं: एका वाढदिवसाला एकच थीमचा पदार्थ करा, बाकी ताटात साधी भेळ आणि फळं ठेवा. किल्ला करणार असाल तर ढोकळे आदल्या संध्याकाळी न वाफवता त्याच दिवशी वाफवा आणि पूर्ण गार झाल्यावरच कापा, म्हणजे कडा तुटत नाहीत.