काय झालं?

माझ्या चेहऱ्याची घडणच अशी आहे की मी काही केलं नाही तरी तो रागावलेला दिसतो. भुवया जवळजवळ, ओठांची टोकं खाली आणि कपाळावर एक उभी आठी, ती तर जन्माची सोबतीण. परवा इथे बडोद्यात, रावपुऱ्यात गाडीवर सेव-उसळ खात उभा होतो. मजेत होतो, आणखी एक पाव घ्यावा का एवढाच काय तो विचार डोक्यात. तेवढ्यात गाडीवाल्याने काकुळतीने विचारलं, "साहेब, तरी बहु तीखी थई गई?" मी नाही म्हटलं. त्याचा विश्वास बसला नाही. त्याने माझ्या ताटलीत मूठभर सेव आणखी टाकली. चेहऱ्याचे असेही फायदे असतात.

घरात तर सध्या चेहऱ्यांचीच शाळा भरते. भाची आमच्याकडे राहून भरतनाट्यम शिकते, सुरसागर तलावाच्या काठावरच्या कॉलेजात. सयाजीराव महाराजांनी 1886 मध्ये गायक मौलाबक्षांच्या हाती जी गायनशाळा सोपवली, तिचंच हे वाढलेलं रूप. नाचाचा धागा मात्र तंजावरचा. महाराजांची पहिली राणी चिमणाबाई तिकडची, तिच्याबरोबर नर्तकी आणि वादकही बडोद्याला आले. त्या साऱ्याचा परिणाम म्हणून आज आमच्या दांडिया बाजारातल्या घरात संध्याकाळी कपाटाचा आरसा कुणालाच मिळत नाही. भांग पाडायचा तर मोरीतल्या आरशात.

भाची घडाघडा सांगते: नाट्यशास्त्रात नजरा 36, भुवयांच्या हालचाली 7, नाकाच्या 6, गालांच्या 6, खालच्या ओठाच्या 6. आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आमच्या वडिलांना डोळे वटारणं तेवढं यायचं. त्यात सगळं भागायचं."

एकदा भाचीने आम्हा दोघांना समोर बसवलं आणि भाव ओळखायला लावले. जुगुप्सा केली तर आईने विचारलं, "आमटी आंबली का गं?" शोक आला, राग आला, ते बरोबर ओळखले. मग तिने डोळे विस्फारले, भुवया वर, तोंड किंचित उघडं. मी म्हटलं आश्चर्य. आईही म्हणाली आश्चर्य. "भय आहे हे!" भाची चिडली. (हा राग मात्र अभिनयाशिवायचा होता, चटकन कळला.) मग तिने पुन्हा तोच चेहरा केला आणि एक बोट फक्त आईच्या पायांकडे दाखवलं. आईने दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. "पाल?"

चेहरा तोच होता. एका बोटाने त्याचं भय झालं.

आमच्यासारखीच फसगत फार लांबच्या माणसांचीही झालेली आहे. पॉल एकमन हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ 1960 च्या दशकाच्या अखेरीस पापुआ न्यू गिनीच्या डोंगरात फोरे लोकांकडे गेले. सिनेमा-मासिकांचा वारा न लागलेल्या माणसांना परक्यांचे चेहरे वाचता येतात का, हे त्यांना बघायचं होतं. ते एक छोटी गोष्ट ऐकवायचे आणि समोरच्या फोटोंतून तिचा चेहरा निवडायला सांगायचे. मित्र भेटायला आले, मूल गेलं, अशा गोष्टी. भीतीची गोष्ट तर मला पाठच झाली आहे: माणूस घरात एकटा, गावात कुणी नाही, हाताशी सुरी नाही, कुऱ्हाड नाही, आणि दारात रानडुक्कर उभं. बहुतेक गोष्टींना लोकांनी अपेक्षित चेहरा लावला. पण भीतीच्या चेहऱ्याशेजारी आश्चर्याचा चेहरा ठेवला की त्यांचाही गोंधळ उडायचा.

लोक या प्रयोगाबद्दल बोलताना फोटोंबद्दल बोलतात. मला त्यातलं डुक्कर महत्त्वाचं वाटतं. गोष्ट आधी होती, चेहरा नंतर.

रशियात लेव कुलेशोव या दिग्दर्शकाने याच्या उलट गंमत केली होती, शंभरेक वर्षांपूर्वी. एका नटाचा एकच मख्ख चेहरा घेतला. एकदा त्याला सूपच्या वाडग्याशेजारी जोडला, एकदा शवपेटीशेजारी, एकदा एका बाईशेजारी. आणि प्रेक्षकांनी त्या नटाच्या अभिनयाची तारीफ केली म्हणे: भूक काय, दुःख काय, ओढ काय! त्याने काहीच केलं नव्हतं. माझ्यासारखाच उभा असेल बिचारा.

प्रेक्षकांना हसायला मी मोकळा नाही. सुरसागरच्या मधोमध 111 फुटी शंकर उभा आहे, आता सोन्याचा मुलामा दिलेला. काही वर्षांपूर्वी वडिलांचा रिपोर्ट बंद पाकिटात घेऊन त्या काठाने दवाखान्यात चाललो होतो. शंकराकडे पाहिलं तर चेहरा कठोर, माझ्याकडे बघायलाच तयार नाही असा. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही. तासाभराने त्याच रस्त्याने परत येताना तो चक्क हसत होता. स्कूटर बाजूला घेऊन मी खात्री करून घेतली. ओठ जिथल्या तिथे होते.

चेहऱ्याच्या बाबतीत मराठीचा हात तसा सढळ. चेहरा पडतो, उतरतो, खुलतो. नाक मुरडतं, गाल फुगतात, तोंड एवढंसं होतं, नाहीतर एरंडेल प्यायल्यासारखं. पण एवढं सगळं टिपल्यावरही पुढचा प्रश्न ठरलेला: काय झालं? चेहऱ्यावरून कळलंच असतं तर विचारलं कशाला असतं?

हे सगळं मोठ्या तोऱ्यात मी भाचीला ऐकवलं. ती म्हणाली, "मग आज्जीला कसं कळतं?"

खरंय, आईला कळतं. गेल्या आठवड्यात ऑफिसात एकाशी वाजलं होतं. घरी आलो, चपला काढल्या, पिशवी खुंटीला लावली. आई गॅसपाशी, दाराकडे पाठ. तव्यावरची पोळी उलटत म्हणाली, "काय झालं? तोंड का उतरलंय?"

"तू बघितलंस कुठे?"

"आत्ता जिना चढलास ना."