टोचतं की काचतं?

लेक तीन वर्षांची होती तेव्हा आमचा सकाळचा अर्धा तास तिला कपडे घालण्यात जायचा आणि त्यातला बराचसा वेळ ती रडत असायची. फ्रॉक डोक्यातून खाली आला की अंग ताठ करायची, गळ्याशी बोटं घालून कापड ओढायची. मी म्हणायचे, "झालं, झालं, संपलं बाळा." पण तिच्यासाठी काहीच संपलेलं नसायचं, कपडा तर अंगावरच असायचा. ऑटिझमचं, म्हणजे स्वमग्नतेचं, निदान होऊन तेव्हा चार महिने झाले होते. ती मोजकंच बोलायची. कपड्यांबद्दल तिच्याकडे एकच शब्द होता, "नको".

आणि माझ्याकडेही एकच शब्द होता, हट्ट. हे लिहिताना आजही वाईट वाटतं. एका संध्याकाळी तिचा फ्रॉक काढला तर मानेमागे तिच्याच नखांचे ओरखडे दिसले, दोन ठिकाणी रक्त आलेलं. हट्टाने कुणी स्वतःला असं ओरबाडत नाही, हे त्या क्षणी मला कळलं.

आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं, कारण इसब असेल तर उपाय वेगळा. तसं काही नव्हतं. मग ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजच्या गोष्टी जमाव्यात म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी लेकीला हातही लावला नाही. ती खोलीभर फिरत होती, तिला फिरू दिलं आणि मला विचारलं, "ताई, तिला टोचतं, काचतं, रुततं की चिकटतं?" मला उत्तर देता आलं नाही. त्या म्हणाल्या, "चारही वेगळ्या गोष्टी आहेत. आधी ते शोधू."

त्यांनी जे समजावलं त्याने माझा राग तरी निवळला. आपण शर्ट घालतो आणि थोड्याच वेळात तो अंगावर आहे हे विसरतो, कारण तोच तो स्पर्श मेंदू मागे टाकतो. काही ऑटिस्टिक मुलांमध्ये हे विसरणं नीट घडत नाही. सकाळी आठला टोचणारी शिवण दुपारी बारालाही तितकीच टोचत राहते. ऑटिझमच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ या पुस्तिकेत २०१३ पासून संवेदनांची ही अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिक्रिया निदानाच्या निकषांमध्येच धरलेली आहे. म्हणजे हे आमच्या लाडाचं फळ नव्हतं. टेम्पल ग्रँडिन या ऑटिस्टिक शास्त्रज्ञ बाईंनी लहानपणच्या खरखरीत पेटीकोटबद्दल सांगितलंय, की तो अंगावर सँडपेपरसारखा घासायचा. माझी लेक सांगू शकत नव्हती ते त्या सांगत होत्या.

मग दोन आठवडे मी वहीत लिहीत गेले. कुठला कपडा, किती वेळ टिकला, हात कुठे गेला, रात्री झोप कशी झाली होती. यातलं "हात कुठे गेला" हे सगळ्यात उपयोगी ठरलं. मानेमागे गेला तर लेबल. मनगटाशी गेला तर बाहीचं इलास्टिक. पाय आपटले तर मोज्याच्या बोटांवरची शिवण. आणि हात धुताना बाहीवर थेंब उडाला तर सगळाच कपडा ती काढून टाकायची, कारण ओलं कापड चिकटतं. झोप नीट झाली नसेल त्या दिवशी एरवी चालणारे कपडेही चालायचे नाहीत.

लेबलं मी कात्रीने कापली होती, तरी ओरखडे येतच होते. कोडं सोडवलं सासूबाईंनी. त्यांनी फ्रॉकचा गळा उलटा करून स्वतःच्या गालावरून फिरवला आणि म्हणाल्या, "अगं, हे बघ." कापलेल्या लेबलाची कडक किनार शिवणीत तशीच उरली होती, आख्ख्या लेबलापेक्षा जास्त टोचणारी. शिवाय ती टीप होती नायलॉनच्या दोऱ्याची, आणि त्याचं एक टोक ताठ उभं होतं. त्यांनी चष्मा लावून सुईने एकेक टाका उसवला, उरलेली चिंधी ओढून काढली आणि तेवढा भाग सुती दोऱ्याने पुन्हा शिवला. याच सासूबाई आधी म्हणायच्या, "घालत राहा, सवय होईल." त्या दिवसानंतर ते त्यांनी कधी म्हटलं नाही. आता घरात येणारा प्रत्येक कपडा आधी त्यांच्या गालावरून जातो.

मोज्यांवर सोपा उपाय निघाला, उलटे घालायचे. शिवण बाहेर, गुळगुळीत बाजू आत. नंतर बिनशिवणीचे मोजे मिळाले. नवा कपडा चार-पाच वेळा धुतल्याशिवाय तिला दाखवतही नाही, आणि धुताना वासाचं काही वापरत नाही. एक गोष्ट मात्र माझ्या अंदाजाच्या अगदी उलट निघाली. मला वाटायचं, सैल कपडे बरे. पण सैल कापड हलतं, आणि प्रत्येक हालचालीला अंगाला हलकेच पुसून जातं. हलका स्पर्श तिला सर्वांत नकोसा. अंगाबरोबर बसणारी मऊ होजिअरीची बनियन आत घातली आणि तिच्यावर फ्रॉक, तर तो टिकला. पहिल्यांदा तो दुपारपर्यंत अंगावर राहिला, तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले.

वजनदार जाकिटं, ब्रशने अंग चोळण्याची पद्धत, असं बरंच लोक सुचवतात. थेरपिस्टनी स्पष्ट सांगितलं की यांचा पुरावा कच्चा आहे, आणि मुलाला नको असेल तर मुळीच करू नका. मला ते पटलं. जबरदस्तीने सवय लावण्याच्या तर मी पूर्ण विरोधात आहे. तसं करून मूल गप्प होईलही, पण त्याचं टोचणं थांबलं की सांगणं थांबलं, हे आपल्याला कसं कळणार?

कपडे घालण्याची रीतही बदलली. अंघोळीनंतर टॉवेलने चोळत नाही, दाबून टिपते. भिंतीवर चार चित्रं आहेत, चड्डी, बनियन, फ्रॉक, मोजे, त्याच क्रमाने. दोन फ्रॉक समोर धरते, ती बोट दाखवते. "नको" म्हणाली की माझा हात तिथेच थांबतो. सुरुवातीला याने जास्तच वेळ लागायचा. पण हात खरंच थांबतो हे तिला कळल्यावर "नको" कमी होत गेलं.

सगळं सुटलेलं नाही. बूट अजून जमत नाहीत, पट्ट्यांच्या मऊ चपला चालतात. थंडीत ती स्वेटर घालत नाही, आणि गारठा तिला आपल्यासारखा जाणवतो की नाही याची खात्री नसल्याने मीच तिचे हात-पाय चाचपत राहते. आवडता पिवळा फ्रॉक आखूड झालाय. तसाच पुढच्या मापाचा आणून, धुऊन, महिनाभर जुन्याशेजारीच टांगून ठेवलाय.

आता ती साडेचार वर्षांची आहे. परवा तिने बाही धरून माझ्यासमोर केली आणि म्हणाली, "काचतं." मी इलास्टिक उसवायला घेतलं. ती शेजारी बसून बघत होती.