चौदाच्या पाटल्या

तारणासाठी सोनं आणणारा माणूस आधी दागिना दाखवत नाही, आधी कारण सांगतो. घराची गच्ची गळते, मुलाची फी भरायची आहे, गावी जमिनीचं काम निघालंय. बँकेच्या फॉर्मवर कारणाचा रकाना असतो. २०२० मध्ये मी शेकड्यांनी असे फॉर्म पाहिले, पण ‘किराणा’ असं कुणी लिहिलेलं एकदाही पाहिलं नाही.

आमचं दुकान इंदूरच्या सराफ्यात, आजोबांपासूनचं. दिवसा सोनं आणि रात्री त्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस, गराडू, ही सराफ्याची रीत. त्या वर्षी लॉकडाऊनमध्ये दोन्ही बंद पडलं. लग्नं पुढे ढकलली गेली आणि त्यांच्याबरोबर आमची घडणावळही. घरात पैसा येत होता तो फक्त एका बँकेच्या कामातून. कसोटीचा दगड, तेजाबाची म्हणजे आम्लाची बाटली आणि काटा बॅगेत घालून शाखेत जायचं, आलेल्या दागिन्याचं वजन आणि कस लिहायचा, सही करायची. दागिना सील करून ठेवायच्या प्रत्येक पाकिटामागे ठरलेले पैसे. घडवणारा माणूस मी, आणि त्या वर्षी लोकांचे दागिने दगडावर घासून पोट भरत होतो. गर्दी वाढली की माझी कमाई वाढायची. त्याचा आनंद मानावा की नाही, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

३१ ऑगस्टला दोन गोष्टी एकाच दिवशी झाल्या. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचं उत्पन्न २३.९ टक्क्यांनी आटल्याचा आकडा आला, आणि कर्जाच्या हप्त्यांना मिळालेली सवलत संपली. आकड्याचं कुणाला काही वाटलं नाही. सवलत संपल्याचं मात्र दुसऱ्या आठवड्यात रांगेत दिसायला लागलं. त्यात रिझर्व्ह बँकेने ऑगस्टमध्येच सोन्याच्या किमतीच्या ७५ ऐवजी ९० टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायची मुभा बँकांना दिली होती आणि भाव दहा ग्रॅमला ५६ हजारांना शिवून आला होता. खासगी शाळेतल्या शिक्षिका, लग्नाचे फोटोग्राफर, बँडवाले, असे लोक पहिल्यांदाच बँकेत सोनं घेऊन येत होते.

दागिने येण्याचाही एक क्रम असतो. आधी बारशात आलेल्या अंगठ्या, मग वाकडी झालेली कर्णफुलं, मग चेन. बांगड्या आल्या की समजायचं, घरात बोलणं झालंय. बोरमाळ आणि ठुशी आल्या की मला धडकी भरायची, कारण मण्यांच्या पोटात लाखेचा भराव असतो. आयुष्यभर पाच तोळ्यांची म्हणून मिरवलेली माळ लाख वजा केल्यावर निम्मीही भरत नाही, आणि ते सांगायचं काम माझ्याकडे. (शेअरमध्ये टाकायला बायकोचं सोनं ठेवणारा एक पोरगाही आला होता. त्याला कारण विचारलं तर म्हणाला, घरदुरुस्ती.)

सप्टेंबरच्या मध्यावर एक आजी आल्या, पंचाहत्तरीच्या. बरोबर मुलगा. त्याचं भंवरकुआंला टिफिन सेंटर. कोचिंगची मुलं मार्चमध्ये आपापल्या गावी गेली ती गेली, आणि रोजचे सत्तर डबे शून्यावर आले. हॉलचं भाडं मात्र चालू. किराणावाल्याची उधारी धरून दीड लाख हवे होते. आजींनी रुमालातून दोन पाटल्या काढल्या. “साडेतीन तोळ्यांच्या आहेत हो. माझ्या लग्नातल्या, चौसष्ट सालच्या.”

हातात घेतल्या आणि मला खटकलं. काट्यावर ४०.६ ग्रॅम, म्हणजे जुन्या, साधारण ११.६ ग्रॅमच्या तोळ्याने वजन बरोबर. पण बावीस कॅरेटचं सोनं मऊ असतं. छप्पन्न वर्षं हातात घातलेली पाटली कुठेतरी चेपते, कडा झिजतात. या दोन्ही अगदी गोल, कडा जशाच्या तशा. रंगावरही किंचित तांबूस झाक. कसोटीवर रेघ ओढली, शेजारी नमुन्याच्या सळ्यांच्या रेघा ओढल्या, तेजाबाचा थेंब टाकला. बावीसची रेघ राहिली. पाटलीची रेघ फिकी पडत गेली. दुसऱ्या पाटलीचंही तेच. चौदा कॅरेट.

बँक तेव्हा सगळा हिशोब बावीसच्या भावाने करायची. त्यामुळे साडेचाळीस ग्रॅमचे झाले पंचवीस-सव्वीस. पावणेदोन लाखांच्या जागी एक लाख नऊ हजार.

मुलगा भडकला. “म्हणजे आजोबांना सोनारानं फसवलं!” आजी काही बोलल्या नाहीत. मास्कमुळे चेहरा कळत नव्हता. हात मात्र पाटल्यांवरून काढला नव्हता.

मी साल पुन्हा विचारलं. चौसष्टच. मग मला उलगडा झाला, कारण ही गोष्ट आमच्या घरात रामायणासारखी ऐकलेली आहे. चीनच्या युद्धानंतर परकीय चलनाची चणचण होती. सोन्याची हौस आणि चोरटी आयात आवरायला १९६३ च्या जानेवारीत, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, गोल्ड कंट्रोलचे नियम आले. चौदा कॅरेटच्या वर नवा दागिना घडवायचा नाही. देशभर सोनारांच्या भट्ट्या विझल्या. चौदाची अट १९६६ मध्ये निघाली, कायदा पुरता जायला १९९० उजाडलं. आजींचं लग्न नेमकं त्या तीन वर्षांत.

“फसवलं नाही आजी. तेव्हाच्या कायद्याप्रमाणे केलंय.”

त्यांनी बराच वेळ विचार केला. मग म्हणाल्या, “पण माझ्या वडिलांनी पैसे चौदाचे मोजले असतील की बावीसचे?”

याचं उत्तर कसोटीवर मिळत नाही.

मी मुलाला बाजूला घेतलं. बँकेने ऐकलं असतं तर आवडलं नसतं, पण सांगितलं की एक लाख नऊ मिळतायत म्हणून सगळे उचलू नकोस. भाव चढलाय तसा उतरतोही. त्याने ऐंशी हजार घेतले, हॉल सोडला, भांडी घरी आणली. पुढे विलगीकरणात असलेल्या पेशंटांच्या घरी पथ्याचे डबे पोचवायला लागला. सत्तर नाही, पण पस्तीसपर्यंत गेला.

त्या रात्री जेवताना बाबांना सांगितलं. बाबा तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे. मला वाटलं होतं, नेहमीसारखी मोरारजींवर गाडी घसरेल. पण त्यांनी वेगळंच विचारलं, “दोन्ही पाटल्या चौदाच भरल्या? बरोबर चौदा?”

“बरोबर चौदा.”

“मग तो माणूस सरळ होता.” ताटातला भात बोटाने एका बाजूला सारत म्हणाले, “आम्ही नव्हतो. दिवसा मिलमध्ये बदलीवर जायचो, रात्री खिडकीला घोंगडी लावून बावीसचं काम करायचो. गिऱ्हाईकच म्हणायचं, चौदाचं नको. ज्यानं चौदाचं दिलं असेल त्याच्याकडे परत कोण आलं असेल?”

इतकी वर्षं त्यांनी मिल सांगितली होती, घोंगडी कधी सांगितली नव्हती.

मार्च २०२१ मध्ये भाव ४४-४५ हजारांवर आला. नव्वद टक्के उचललेल्यांना शाखेतून फोन जायला लागले: फरक भरा, नाहीतर लिलाव. ते फोन करणारा क्लार्क दुपारी डबा न उघडता बसून राहायचा. आजींच्या पाकिटावर फोन गेला नाही.

दिवाळीच्या आधी त्या पाटल्या सोडवायला आल्या, या वेळी सुनेबरोबर. मी सील फोडलं, काट्यावर वजन दाखवलं, ४०.६. आजींनी पाटल्या हातात चढवल्या आणि सुनेकडे बोट करून मला म्हणाल्या, “हिला सांगून ठेवलंय, चौदाच्या आहेत म्हणून. उद्या हिच्यावर इथं यायची वेळ आली तर फॉर्म भरतानाच आकडा धरून येईल.”

सून ओशाळून हसली. गार्डने पुढचा नंबर पुकारला.