मैदानावरची शिट्टी

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी लिहावं, असं संपादक मंडळाचं पत्र आलं. शाळेत शिकलेली जी गोष्ट पंच म्हणून आजही उपयोगी पडते, तिच्याबद्दलच लिहितो.

पी.टी.च्या तासाची शिट्टी पोटात गोळी असलेली. हा नमुना बर्मिंगहॅमच्या जोसेफ हडसन यांनी १८८४ साली ‘ॲक्मे थंडरर’ या नावानं काढला. फुंकलेली हवा अरुंद फटीतून येऊन वरच्या खिडकीच्या धारेवर आपटते आणि आत-बाहेर झुलू लागते, तोच सूर. आतली बुचाची गोळी फिरताना खिडकी क्षणोक्षणी झाकते, म्हणून आवाज थरथरतो आणि गलक्यातही वेगळा कळतो.

नुसते गाल फुगवून फुंकलं की सुरुवातीला ‘फुस्स’ होतं. शिट्टी दातांत हलकी धरायची, जिभेचं टोक फटीला लावायचं, पोटातून दाब भरायचा आणि ‘टु’ म्हणताना जशी हलते तशी जीभ झटकन मागे घ्यायची. थांबवतानाही जिभेनंच फट बंद करायची, म्हणजे आवाज तुटक संपतो. बोट खिडकीवर आलं तर सूर मरतो. नवशिक्यांचं निम्मं अपयश इथेच असतं. लाळ किंवा धूळ साचली की गोळी चिकटते. बूच लाळ शोषून फुगतं, म्हणून वापरल्यावर कोमट पाण्यानं धुवून खिडकी खाली करून वाळवावी. १९८७ मध्ये कॅनडाच्या रॉन फॉक्सक्रॉफ्ट यांनी ‘फॉक्स ४०’ ही बिनगोळीची शिट्टी आणली. तिच्यात तीन कप्प्यांचे किंचित वेगळे सूर एकमेकांत मिसळतात. अडकायला काही नाहीच. पावसाळी सामन्यांना मी हीच सुचवतो. दोन्ही शिट्ट्या १०० डेसिबलच्या वर जातात, त्यामुळे मुलांच्या कानाशी कधीही वाजवू नये.

स्काउट पथकात स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांच्या शिट्टीच्या खुणा होत्या. एक लांब शिट्टी म्हणजे शांत, पुढच्या खुणेकडे लक्ष. सावकाश लांब शिट्ट्यांची माळ म्हणजे पांगा. आखूड, तुटक शिट्ट्या म्हणजे गोळा व्हा. आखूड-लांब आलटूनपालटून म्हणजे धोका. तीन आखूड आणि एक लांब वाजली की फक्त संघनायकांनी यायचं. या खुणा पाठ असलेल्या मुलांना मैदानभर ओरडून हाका माराव्या लागत नाहीत. आजच्या पथकातही त्या शिकवाव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

फुटबॉलमध्ये पंचानं शिट्टी हातात धरून धावावं. तोंडात असली तर धक्क्यात दात दुखावतात, शिवाय फाउल नीट पाहण्याआधीच ती वाजून जाते. प्रत्येक अर्धाची सुरुवात, गोलनंतर पुन्हा सुरुवात, फ्री किक किंवा पेनल्टीसाठी खेळ थांबवणं आणि वेळ संपणं, इथे ती हवीच. चेंडू उघड बाहेर गेला आणि थ्रो-इन, गोल किक किंवा कॉर्नर आहे, तर नुसता हात दाखवावा. ऊठसूट वाजणाऱ्या शिट्टीकडे खेळाडू पंधरा मिनिटांत लक्ष देईनासे होतात; मग खरा फाउल झाला तरी कुणी थांबत नाही.