चुंबकीय क्षेत्र वाढवले आणि दोलने मोठी झाली

धातूच्या अतिसूक्ष्म तारेत इलेक्ट्रॉनची फेज, म्हणजे त्याच्या लहरीचा ताल, किती काळ टिकते आणि तापमान निरपेक्ष शून्याकडे (सुमारे उणे 273 अंश सेल्सिअसकडे) नेत गेल्यास हा काळ अमर्याद वाढतो की कुठेतरी अडतो, या प्रश्नावर 1997 नंतर जवळजवळ दशकभर पदार्थविज्ञानात कडाक्याचा वाद चालला. विद्यार्थिदशेत मी तो शोधनिबंधांतून वाचला होता. पुढे युरोपातल्या एका अतिशीत तापमानाच्या प्रयोगशाळेत काम करत असताना त्या वादाची एक गाठ मोजमापाच्या पडद्यावर सुटताना मला पाहायला मिळाली. त्या दिवसाचे महत्त्व कळण्यासाठी आधी वादाची पार्श्वभूमी सांगणे भाग आहे.

अव्यवस्थित वाहकात, म्हणजे ज्यात अणूंची रचना ठिकठिकाणी बिघडलेली आहे अशा धातूत, इलेक्ट्रॉन सरळ धावत नाही. अडथळ्यांवर आपटत, वळत, विसरणाने पुढे सरकतो. या आपटण्यात त्याची ऊर्जा बदलत नाही, म्हणून फेजची स्मृतीही पुसली जात नाही. त्यामुळे एखादा वळसा घालून मूळ जागी परतणारा मार्ग आणि तोच वळसा उलट दिशेने घालणारा मार्ग यांच्यात व्यतिकरण होते, म्हणजे दोन्ही लहरी एकमेकींत मिसळतात, इलेक्ट्रॉन परत येण्याची शक्यता वाढते आणि तारेचा रोध किंचित चढतो. 1979 मध्ये अब्राहम्स, अँडरसन, लिचियार्डेलो आणि टी. व्ही. रामकृष्णन या चौघांनी ज्या निबंधात अव्यवस्थित वाहकाच्या वर्तनाची मांडणी केली, त्याने या विषयाला नवे वळण दिले. त्यांपैकी रामकृष्णन यांनी पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत दीर्घकाळ काम केले. फेज नेमकी कशामुळे हरवते याचे उत्तर 1982 मध्ये आल्टशुलर, आरोनोव आणि ख्मेलनित्स्की यांनी दिले. प्रत्येक इलेक्ट्रॉनला इतर सर्व इलेक्ट्रॉन मिळून एक सतत थरथरणारे विद्युत क्षेत्र जाणवते. तापमान उतरले की ही थरथर कमी होते, आणि अरुंद तारेत फेज हरवण्याचा दर तापमानाच्या दोन-तृतीयांश घाताने घटत शून्याकडे जातो.

मग 1997 मध्ये मेरीलँड विद्यापीठातल्या मोहंती, जारीवाला आणि वेब यांनी सोन्याच्या तारांवरील मोजमापे प्रसिद्ध केली. तापमान कितीही उतरवले तरी एका टप्प्यानंतर फेज टिकण्याचा काळ वाढायचा थांबत होता. नमुना तापणे, चुंबकीय अशुद्धी अशी नेहमीची कारणे आपण तपासून बाजूला ठेवली आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी गोलुबेव आणि झायकिन यांनी गणिताने सांगितले की असे होणारच, कारण शून्य तापमानालाही उरणारी क्वांटम थरथर फेज पुसण्यास पुरेशी आहे. 1999 मध्ये अलाइनर, आल्टशुलर आणि गेरशेन्सन यांनी त्या गणितावर सविस्तर आक्षेप घेतले. आवाज चढले ते उगीच नव्हेत. शून्य तापमानाला इलेक्ट्रॉनची फेज खरोखर हरवत असेल, तर धातूंविषयीच्या आपल्या साऱ्या समजुतीचा पायाच नव्याने तपासावा लागला असता.

2003 मध्ये पॅरिसजवळचे साक्ले आणि अमेरिकेतले मिशिगन राज्य विद्यापीठ इथल्या संशोधकांनी चांदी, सोने आणि तांबे यांच्या तारांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. 99.9999 टक्के शुद्ध चांदीतून बनवलेल्या तारांत फेज टिकण्याचा काळ 40 मिलिकेल्व्हिनपर्यंत (निरपेक्ष शून्याच्या 0.04 अंश वर) वाढतच गेला, 99.999 टक्के शुद्ध चांदीच्या तारांत तो अडला. तांब्याच्या तारांत तर मूळ धातू कितीही शुद्ध घेतला तरी तो अडत होता, आणि संशय पृष्ठभागावरच्या ऑक्साइडमधल्या चुंबकीय अणूंकडे जात होता.

इथे मला एक गोष्ट तेव्हाही खटकत असे. दशलक्षात एक इतकी अशुद्धी कोणत्याही रासायनिक चाचणीला सहज हुलकावणी देते, पण फेज टिकण्याचा काळ एका नॅनोसेकंदाच्या खाली आणायला ती पुरते. मग कोणत्याही तारेत काळ अडला की अशुद्धीकडे बोट दाखवायचे आणि मोकळे व्हायचे, हे शास्त्राला शोभणारे नाही. अशुद्धी असेल तर तिच्यामुळे आणखी काहीतरी वेगळे घडले पाहिजे, आणि ते मोजता आले पाहिजे. पिएर आणि बर्ज यांनी 2002 मध्ये तांब्याच्या सूक्ष्म कड्यावर, म्हणजे वर्तुळाकार तारेवर, अशी चाचणी करून दाखवली होती. आमच्या नव्या क्रायोस्टॅटची, म्हणजे नमुना अतिशीत ठेवणाऱ्या यंत्राची, आणि फिल्टरांची परीक्षा म्हणून आम्ही तोच प्रयोग आमच्या तांब्यावर करायचे ठरवले.

कडे का लागते, हे सांगायला हवे. उलट-सुलट वळशांचे जे व्यतिकरण वर सांगितले, ते काही मिलिटेस्ला चुंबकीय क्षेत्रातच मोडून पडते. त्यामुळे मोठ्या क्षेत्रात फेजचे काय होते हे त्यावरून कळत नाही. कड्यात मात्र इलेक्ट्रॉनच्या लहरीचा एक भाग डाव्या बाजूने आणि दुसरा उजव्या बाजूने जातो, आणि कड्यातून जाणारा चुंबकीय प्रवाह बदलत नेला की रोध ठरावीक अंतराने वर-खाली होतो. ही अहारोनोव्ह-बोम दोलने कितीही मोठ्या क्षेत्रात जिवंत राहतात. आमच्या कड्याचा व्यास एक मायक्रोमीटर होता, म्हणजे दर 5 मिलिटेस्लाच्या आसपास एक दोलन अपेक्षित होते. त्याची उंची एकूण रोधाच्या लाखात काही भाग एवढीच. असा संकेत लॉक-इन अँप्लिफायरच्या, म्हणजे गोंगाटातून ठरावीक वारंवारतेचा संकेत वेगळा काढणाऱ्या उपकरणाच्या, मदतीने अक्षरशः टिपून काढावा लागतो. नमुन्यातून सोडलेला विद्युत प्रवाह जरा वाढवला तर इलेक्ट्रॉन तापतात, कमी केला तर संकेत बुडतो. इलेक्ट्रॉन खरोखर किती थंड झाले आहेत हे क्रायोस्टॅटच्या तापमापकावरून कळत नाही. त्यासाठी आम्ही शेजारच्या लांब तारेचा रोध पाहत होतो. इलेक्ट्रॉनांच्या परस्परक्रियेमुळे तो तापमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात चढत जातो. ही चढण थांबली की इलेक्ट्रॉनांचे थंड होणे थांबले असे समजावे. त्या दिवशी ती थांबली नव्हती.

व्याख्यानासाठी आलेले एक ज्येष्ठ सैद्धांतिक शास्त्रज्ञ दुपारपासून आमच्यासोबतच बसले होते. आमच्या गटातला कोल्हापूरचा संशोधक विद्यार्थी क्षेत्र बदलत होता. शून्य क्षेत्राजवळ दोलने इतकी बारकी होती की नुसत्या आलेखात ती ओळखू येत नव्हती. फूरिए रूपांतर, म्हणजे आलेखातली आवर्तने गणिताने वेगळी करणे, केल्यावर योग्य जागी एक बुटके शिखर दिसत होते. अर्ध्या टेस्लाच्या आसपास ते उंचावू लागले. एक टेस्लाच्या पुढे दोलने आलेखातच उघड दिसू लागली आणि शून्याजवळच्या उंचीच्या सुमारे तिप्पट झाली. त्यानंतर क्षेत्र आणखी वाढवूनही त्यांच्यात फरक पडेना.

मी पहिल्यांदा नमुना तापल्याची शंका काढली. तेवढ्यात तो विद्यार्थी म्हणाला, "ताई, क्षेत्र बदलताना कडे तापलं असतं तर दोलनं लहान व्हायला हवी होती. ही तर वाढताहेत." त्याचे म्हणणे बिनतोड होते. तरीही आम्ही क्षेत्र अगदी सावकाश उतरवत पुन्हा मोजले, मग क्षेत्राची दिशा उलटवून मोजले. उंची तशीच वाढली आणि तशीच थांबली.

याचा अर्थ असा. तांब्यातल्या चुंबकीय अणूचे स्पिन, म्हणजे त्याच्या सूक्ष्म चुंबकाची दिशा, मोकळे असेल तर जवळून जाणारा इलेक्ट्रॉन ते उलटवू शकतो, आणि उलटलेले स्पिन ही इलेक्ट्रॉन कड्याच्या कोणत्या बाजूने गेला याची मागे राहिलेली खूण ठरते. खूण राहिली की व्यतिकरण गेले. एक टेस्ला क्षेत्रात स्पिन उलटवण्यासाठी सुमारे 1.3 केल्व्हिनच्या तोडीची ऊर्जा लागते, आणि आमचे इलेक्ट्रॉन त्याच्या दशांशाहूनही थंड होते. स्पिन जागच्या जागी खिळले, खूण उरणे बंद झाले आणि फेज टिकू लागली. परस्परक्रियेची क्वांटम थरथर मात्र एका टेस्लाची पर्वा करत नाही. आमच्या कड्यात फेज पुसणारी मुख्य गोष्ट तीच असती, तर क्षेत्र वाढवून दोलनांची उंची बदलली नसती.

मला झालेला आनंद लपण्यासारखा नव्हता. पाहुण्यांनी अभिनंदन केले आणि लगेच म्हणाले की हे तुमच्या तांब्याविषयी झाले, समीकरणाविषयी नव्हे. अशुद्धी सापडली म्हणून शून्य तापमानाचे गणित आपोआप चूक ठरत नाही. त्यातली त्रुटी गणितातच दाखवावी लागते. मग त्यांनी फळ्यावर जे मांडले, ते मला त्या दिवसातले सर्वात मोलाचे वाटते.

फेज हरवण्याच्या दराच्या सूत्रात दोन पदे येतात. पहिले हायपरबोलिक कोटँजंटचे. ते विद्युत क्षेत्राची थरथर सांगते आणि शून्य तापमानालाही शून्य होत नाही. नुसते तेच धरले तर फेज नेहमी हरवणार. दुसरे हायपरबोलिक टँजंटचे. ते पाउलीच्या अपवर्जन तत्त्वातून येते, म्हणजे एका जागी दोन इलेक्ट्रॉन बसू शकत नाहीत या नियमातून. फर्मी पातळीवरच्या, म्हणजे भरलेल्या सर्वात वरच्या पातळीवरच्या, इलेक्ट्रॉनला आपली ऊर्जा दुसरीकडे द्यायची झाली तर त्याला खालच्या पातळीवर उतरावे लागेल, आणि शून्य तापमानाला खालच्या सर्व जागा भरलेल्या असतात. म्हणून ही दोन पदे एकमेकांना खोडून काढतात आणि दर शून्य होतो. मात्र त्यासाठी टँजंटच्या आत इलेक्ट्रॉनची ऊर्जा देवाणघेवाणीइतकी कमी झालेली लिहावी लागते. हा धक्का, ज्याला रिकॉइल म्हणतात, पुरेसा धरला नाही तर ही खोडाखोड अपुरी राहते आणि शून्यालाही काही दर शिल्लक राहिल्यासारखे दिसते. म्युनिकच्या फॉन डेल्फ्ट यांनी गोलुबेव-झायकिन यांचीच पद्धत घेऊन, पाउलीचे पद काळाऐवजी वारंवारतेत लिहिले आणि रिकॉइल अधिक नेमकेपणाने धरला. तेव्हा त्याच पद्धतीतून 1982 चे उत्तर बाहेर आले. मार्क्वार्ट, फॉन डेल्फ्ट, स्मिथ आणि कॉर्नेलचे विनय अंबेगावकर यांनी 2007 मध्ये दोन निबंधांत हे सविस्तर मांडले. गोलुबेव आणि झायकिन यांनी आपली भूमिका सोडली नाही.

माझे मत फॉन डेल्फ्ट यांच्या बाजूचे आहे. तरीही त्या दोघांना नुसते चुकलेले म्हणून निकालात काढणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्यांच्या दाव्यामुळेच पाउलीचे तत्त्व या सूत्रात नेमके कुठे आणि कसे काम करते, हे पुन्हा पायापासून लिहिले गेले. अशुद्धीच्या बाजूचे कामही त्यानंतरच नेटके झाले. चुंबकीय अणूंमुळे फेज हरवण्याचा दर कोंडो तापमानाकडे (ज्याच्या खाली भोवतालचे इलेक्ट्रॉन अणूचे स्पिन झाकून टाकतात) उतरताना वाढतो आणि त्याच टप्प्यात परस्परक्रियेचा दर घटतो; दोन्हींची बेरीज सपाट दिसते आणि ती सपाटी मूलभूत आहे असा भास होतो. 2006 मध्ये लोहमिश्रित चांदीच्या तारांवर मोजमापे झाली आणि कोंडो तापमानाखाली हा दर पुन्हा घटतो हे दिसले. सोने आणि चांदीतल्या लोहाच्या अणूचे स्पिन तीन-द्वितीयांश धरले तरच आकडे नीट जुळतात, असे 2009 मध्ये कोस्टी आणि सहकाऱ्यांनी दाखवले.

आमच्या कड्याच्या आकड्यांवरून चुंबकीय अणूंचे प्रमाण दशलक्षात एकाच्या आसपास निघाले. रात्री पाहुणे गेल्यावर मी आणि त्या विद्यार्थ्याने पुढच्या नमुन्यांची यादी केली. तांबे बाजूला ठेवायचे आणि 99.9999 टक्के शुद्ध चांदी मागवायची हे ठरले. ज्या इव्हॅपोरेटरमध्ये, म्हणजे धातूची वाफ करून पातळ थर बसवणाऱ्या यंत्रात, कधीही क्रोम, निकेल किंवा लोह वितळवले गेले असेल, त्यात ही चांदी घालायची नाही, असेही ठरले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने त्या यंत्राची जुनी नोंदवही मागवून घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.